प्रवाळांचं भविष्य आणि संशोधनाची दिशा: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत प्रवाळभित्ती आहे का?

भित्ती नाही, प्रवाळ आहेत. हाजी अली, वरळी, कुलाबा इथल्या बेसॉल्टच्या खडकांवर कठीण प्रवाळांच्या वसाहती चिकटलेल्या सापडतात. बहुतेक वसाहती तळहाताएवढ्या किंवा त्याहून लहान, चपट्या किंवा कवचासारख्या पसरलेल्या असतात. एका पिढीच्या सांगाड्यावर दुसरी पिढी रचत जाऊन चुन्याचा मोठा थर तयार झाला की त्याला भित्ती म्हणतात. तसा थर इथे तयार झालेला नाही.

भारतात खऱ्या अर्थाने भित्ती पाहायच्या तर लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि कच्छचं आखात. महाराष्ट्रात मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळांचे चांगले समूह आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर कान्होजी आंग्रेंच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे, तिथेही प्रवाळ आहेत.

मग मुंबईच्या चार वसाहतींचा अभ्यास करून जगाच्या भित्तींबद्दल काय कळणार?

एक विशिष्ट गोष्ट कळू शकते. गढूळ पाणी, पावसाळ्यात उतरणारी क्षारता (पाण्याचा खारटपणा), ओहोटीला उघडं पडणं आणि वर शहराचं सांडपाणी एवढं सगळं सोसून काही जाती इथे तगल्या आहेत. पुस्तकात प्रवाळांसाठी जे आदर्श पाणी सांगितलेलं असतं, त्याच्या अगदी उलट हे पाणी. जगभर सध्या एक वाद रंगला आहे: गढूळ पाण्यातले प्रवाळ तापमानवाढीत जास्त टिकतील का? गाळामुळे प्रकाश कमी पोचतो, आणि उष्णता व तीव्र प्रकाश यांचा जोड आघात सौम्य होतो, हे एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते की गाळ झटकण्यातच प्रवाळाची ऊर्जा जाते, मग उष्णतेशी झुंजायला काही उरत नाही. हा वाद सोडवायला मुंबईसारखी ठिकाणं उपयोगी आहेत.

मात्र इथे तगलेल्या जाती मुळातच चिवट आहेत. त्या जगल्या म्हणून लक्षद्वीपचे फांद्यांचे ॲक्रोपोरा प्रवाळ जगतील, असा निष्कर्ष काढता येत नाही. बातम्यांमध्ये हा घोळ नेहमी होतो.

भविष्याबद्दल नक्की काय माहीत आहे?

दिशा माहीत आहे. जागतिक सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्व पातळीपेक्षा १.५ अंशाने वाढलं तर उष्ण समुद्रातल्या भित्ती आणखी ७० ते ९० टक्क्यांनी घटतील आणि २ अंशांना ९९ टक्क्यांहून जास्त नष्ट होतील, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा २०१८ चा विशेष अहवाल सांगतो. जगव्यापी ब्लीचिंगच्या (पाणी तापल्याने प्रवाळ आतली शैवालं गमावून पांढरे पडण्याच्या) चार घटना नोंदल्या गेल्या आहेत: १९९८, २०१०, २०१४ ते २०१७, आणि २०२३ पासूनची चौथी, जी एप्रिल २०२४ मध्ये अधिकृतपणे जाहीर झाली.

त्याहून काळजीचा आकडा अंतराचा आहे. एकाच भित्तीवर दोन तीव्र ब्लीचिंगमधलं मध्यक अंतर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला २५ ते ३० वर्षं होतं, ते २०१६ पर्यंत सुमारे ६ वर्षांवर आलं. भराभर वाढणाऱ्या जातींनासुद्धा पुन्हा उभं राहायला दहा-पंधरा वर्षं लागतात. लक्षद्वीपमध्ये १९९८ ते २०२२ या काळात जिवंत प्रवाळांचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास उतरलं. आघातांच्या मधल्या काळात थोडी भरपाई होत होती, पण पुढचा आघात ती पूर्ण होण्याआधीच येत गेला.

मग संशोधनाच्या यादीत पहिला क्रमांक कशाला द्यायचा?

प्रवाळ मरतात का, हे आता विचारायची गरज उरलेली नाही. विचारायला हवं ते वेगाबद्दल. पाणी दर दशकाला इतक्या अंशाने तापतंय, तर प्रवाळांची सहनशक्ती दर दशकाला किती वाढतेय? ती वाढ एकाच प्राण्याच्या सवयीने येते, आतली शैवालं बदलल्याने येते, की पिढ्यांमधल्या निवडीने? तिन्हींचा वेग वेगळा आहे आणि तिन्हींना मर्यादा आहेत. प्रवाळाच्या ऊतीत राहणारी सूक्ष्म शैवालं त्याच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा, काही जातींत ९० टक्क्यांपर्यंत, पुरवतात. उष्णता सोसणाऱ्या शैवालांशी जोडी जमवली की प्रवाळ वाचतो, पण अनेकदा त्याची वाढ मंदावते.

हा वेग मोजायचा तर त्याच जागी, त्याच पद्धतीने, दहा-वीस वर्षं मोजत राहायला लागतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफची १९८० च्या दशकापासूनची सलग मोजणी आज सगळ्या अंदाजांना आधार देते. आपल्याकडे प्रकल्प तीन वर्षांचे असतात. तीन वर्षांत पीएचडी होते, प्रवाह दिसत नाही. आमच्या मते महागड्या जनुकीय यंत्रांच्या आधी पैसा या कंटाळवाण्या मोजणीवर खर्च व्हायला हवा.

'डिग्री हीटिंग वीक' म्हणजे काय? मुंबईला तो आकडा लागू पडतो का?

एखाद्या जागी वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याचं दीर्घकालीन सरासरी तापमान ही मर्यादा धरतात. पाणी त्याहून १ अंश किंवा जास्त तापलं की तो जादा भाग मोजला जातो, आणि मागच्या १२ आठवड्यांची बेरीज करतात. समजा तीन आठवडे पाणी मर्यादेपेक्षा १.५ अंशाने तापलेलं होतं, तर आकडा ४.५. सर्वसाधारणपणे ४ ला लक्षणीय ब्लीचिंग, ८ ला तीव्र ब्लीचिंग आणि मृत्यू अपेक्षित असतात. अमेरिकेच्या नोआ या हवामान-सागर संस्थेला इशाऱ्यांची जुनी पट्टी अपुरी पडली, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये तिने वरच्या टोकाला तीन नव्या पातळ्या जोडल्या. भारतात हैदराबादची इन्कॉइस ही समुद्र-माहिती संस्था ब्लीचिंगचे इशारे देते.

मुंबईत हा आकडा जपून वापरावा. नोआच्या उपग्रही नकाशातला एक चौकोन सुमारे ५ किलोमीटरचा आहे. हाजी अलीच्या खडकाचं तापमान त्यातून मिळत नाही. शिवाय अरबी समुद्र वर्षातून दोनदा तापतो, मे-जूनमध्ये आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या सुमारास. मध्ये पावसाळ्याचा थंडावा, पण तोच गोडं पाणीही आणतो. क्षारता एकदम उतरली तरी प्रवाळ पांढरे पडतात. ऑगस्टमध्ये पांढरी वसाहत दिसली की 'हवामानबदल' असं लगेच लिहू नका.

खडकावर तापमान नोंदवणारा लॉगर कसा लावायचा?

होबो पेंडंटसारखे छोटे लॉगर पुरतात. ६४ केच्या जुन्या मॉडेलमध्ये सुमारे ५२ हजार नोंदी मावतात. दर १५ मिनिटांनी एक धरली तर दिवसाला ९६, म्हणजे वर्षभर सहज चालतात. पण त्यांची अचूकता सुमारे अर्ध्या अंशाची, आणि ब्लीचिंगचा सगळा हिशेब एका अंशावर. म्हणून लावण्याआधी आणि काढल्यावर, दोन्ही वेळा तपासणी करा. शुद्ध पाण्याच्या बर्फाचा चुरा आणि थोडं शुद्ध पाणी थर्मासमध्ये कालवून लॉगर अर्धा तास बुडवा. नोंद शून्याच्या किती वर-खाली आहे ते लिहा. नंतर २८ ते ३० अंशांच्या पाण्यात प्रमाणित तापमापकासोबत तेच करा. जो फरक येईल तो पुढे सगळ्या नोंदींतून वजा करायचा.

लॉगर पांढऱ्या, भोकं पाडलेल्या पीव्हीसी नळीच्या तुकड्यात ठेवा. थेट ऊन लागलं तर तो पाण्याचं सोडून स्वतःच्या प्लास्टिकचं तापमान नोंदवतो. प्लास्टिकच्या टाय उन्हाने ठिसूळ होतात, स्टीलची तार वापरा. प्रत्येक जागी दोन लावा, कारण पावसाळ्यात एक हमखास वाहून जातो. खडकाला भोक पाडायचं असेल तर आधी परवानगी.

विश्लेषणातली नेहमीची चूक वेगळीच. ओहोटीला लॉगर उघडा पडतो तेव्हाच्या नोंदी हवेच्या असतात. भरतीच्या तक्त्याशी जुळवून त्या वेगळ्या काढा. फेकू मात्र नका, उघडं पडल्यावर प्रवाळ किती तापतो हाही प्रश्न आहेच.

ओहोटीची वेळ कशी ठरवायची?

भरती-ओहोटीचा तक्ता पाहा, ०.५ मीटर किंवा त्याखालची ओहोटी निवडा. पाण्याच्या मागोमाग तळाच्या तासभर आधी उतरा, पाणी फिरलं की परत निघा. तक्ता हाताशी नसेल तर कोळीवाड्यातला हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. त्यावरून सहा तासांनी ओहोटी.

या हिशेबात प्रवाळांच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पाणी सर्वांत लांब ओसरतं तेव्हा, ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास असते. दुपारच्या उन्हात ओहोटी येते ती भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास), आणि तेव्हा पाणी फार खाली जात नाही. खालच्या पट्ट्यातल्या वसाहती त्यामुळे माध्यान्हीच्या उन्हात सहसा उघड्या पडत नाहीत. ज्या बंदरांत उधाणाची ओहोटी दुपारी येते, तिथल्या किनाऱ्यांशी मुंबईची तुलना करताना हा फरक धरलाच पाहिजे.

नोंदी करायला फोटोंची चौकट पुरेल का?

चौकट लागेलच. अर्ध्या इंची पीव्हीसीची ५० बाय ५० सेंटिमीटरची बनवा, कॅमेरा ठरावीक उंचीवर आणि बरोबर वरून धरा, ओल्या खडकाची चकाकी टाळायला छत्रीची सावली करा. सहसा अशा प्रत्येक फोटोवर संगणक यादृच्छिक बिंदू टाकतो आणि कुठल्या बिंदूखाली काय आहे ते मोजून आच्छादनाची टक्केवारी काढतात.

मुंबईत ही पद्धत फसते. आच्छादन १ टक्का आहे असं धरा. ३० फोटो, प्रत्येकी ५० बिंदू, एकूण १५००. त्यातले प्रवाळावर पडणार सुमारे १५. निव्वळ योगायोगानेच हा आकडा ११ ते १९ च्या दरम्यान हेलकावे खातो, त्यात वसाहती झुबक्याने असल्या तर आणखी जास्त. पुढच्या वर्षी १० आले तर घट झाली की नशीब खराब, सांगता येत नाही. म्हणून इथे टक्केवारी सोडा. प्रत्येक वसाहत शोधा, क्रमांक द्या, मोजपट्टीसह फोटो काढा, सर्वांत लांब व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास नोंदवा. पन्नास क्रमांकित वसाहतींचा पाच वर्षांचा जन्म-वाढ-मृत्यूचा हिशेब हजार फोटोंच्या टक्केवारीपेक्षा मोलाचा.

वर्षावर्षांची तुलना त्याच महिन्यात करा. हिवाळ्यात खडकांवर शैवालाचे गालिचे चढतात आणि खालच्या वसाहती झाकल्या जातात. मेमध्ये त्या 'परत आल्या' असं वाटतं.

रंग उतरलाय हे कसं ठरवायचं? डोळ्यांवर विश्वास ठेवायचा का?

नको. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचा रंगतक्ता वापरा. बी, सी, डी, ई अशा चार रंगछटा आणि प्रत्येकीच्या १ ते ६ पायऱ्या. प्रत्येक वसाहतीचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग जुळवून दोन्ही अंक लिहा. वाढणारं टोक नैसर्गिकरीत्या फिकं असतं, ते टाळा. त्याच वसाहतीत दोन किंवा अधिक पायऱ्यांची घट झाली तर ती दखल घेण्याजोगी. तक्ता प्लास्टिकचा आणि मूळ छपाईचाच हवा. घरच्या प्रिंटरवर रंग बदलतात.

मुंबईत आणखी एक गफलत होते. खडकांवर हिरव्या-तपकिरी मऊ गालिच्यासारखे झोआंथिड असतात. त्यांना प्रवाळ समजून मोजलं जातं. त्यांना कठीण सांगाडा नसतो. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, तेव्हा बोट लावून खात्री करायची नाही. कप कोरलच्या काही जातींमध्ये शैवालं नसतातच, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ब्लीचिंगचा तक्ता निरर्थक आहे.

उष्णता सोसण्याची ताकद प्रयोगशाळेत कशी मोजतात?

सध्याची रूढ पद्धत म्हणजे १८ तासांची ताण-चाचणी, सीबास. चार टाक्या: एक उष्णतम महिन्याच्या सरासरीला, बाकीच्या त्याहून ३, ६ आणि ९ अंश वर. दुपारी एकला सुरुवात. तीन तासांत तापमान चढवायचं, तीन तास धरायचं, एका तासात उतरवायचं, मग सकाळी सातपर्यंत तसंच ठेवायचं. एकाच वसाहतीचा एकेक तुकडा चारही टाक्यांत गेलाच पाहिजे, नाहीतर वसाहतींमधला फरक तापमानाच्या फरकात मिसळतो. अंधारात ठेवून फ्लुओरोमीटरने शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता मोजतात आणि ती निम्म्यावर कुठल्या तापमानाला येते ते वक्रावरून काढतात.

बिघाड कुठे होतो? रात्रभरात गरम टाकीतलं पाणी आटून क्षारता चढते आणि दोष उष्णतेवर जातो. झाकण ठेवा, क्षारता मोजा. वीज गेली तर चाचणी बाद, इन्व्हर्टर लागतो. आणि १८ तासांचा निकाल आठ आठवड्यांच्या उन्हाळ्याचा निकाल ठरत नाही. वसाहतींची आपापसात क्रमवारी लावायला ही चाचणी उत्तम. 'अमुक भित्ती इतक्या अंशांपर्यंत टिकेल' असं त्यावरून बोलणं अती आहे.

नवीन पिढी येतेय का, हे कसं कळतं?

मोठ्या वसाहती जिवंत असूनही भित्ती आतून संपत असू शकते, म्हणून हा प्रश्न यादीत खूप वर हवा. १० किंवा १५ सेंटिमीटरच्या भाजक्या मातीच्या फरशा खडकापासून एक-दोन सेंटिमीटर उचलून बसवतात, अंडी सोडण्याच्या हंगामाआधी महिना-दोन महिने. कोऱ्या फरशीवर अळ्या बसत नाहीत. आधी तिच्यावर जिवाणू आणि चुनखडी शैवालांचा थर चढावा लागतो. काढल्यावर ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात मऊ भाग विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली इवले सांगाडे मोजायचे. गाळ वरच्या बाजूवर साचतो, त्यामुळे मुंबईसारख्या पाण्यात खालची बाजू आणि कडा आधी पाहा. सहा महिने फरशी तशीच ठेवली तर शिंपले आणि बार्नॅकल सगळं गिळून टाकतात.

समुद्राचं आम्लीकरण मुंबईत मोजावं का?

साध्या पीएच मीटरने मोजू नका. औद्योगिक काळापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ०.१ ने उतरला आहे, आणि तेवढी चूक साध्या इलेक्ट्रोडचीच असते. क्षारीयता (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता, खारटपणा नव्हे) आणि एकूण अकार्बनी कार्बन मोजा. ५०० मिलिलिटरची बोरोसिलिकेट बाटली नळी तळाशी टेकवून भरा, एक बाटलीभर पाणी वाहू द्या, बुडबुडा नको, वर एक टक्का जागा सोडा, आणि जिवाणूंची क्रिया थांबवायला संपृक्त मर्क्युरिक क्लोराइड १०० मायक्रोलिटर. हे पाऱ्याचं विष आहे. हातमोजे घाला, बेसिनमध्ये ओतू नका. खाडीचं पाणी आणि सांडपाणी मुंबईत क्षारीयता इतकी हलवतात की हवेतल्या कार्बनचा हिस्सा वेगळा काढणं कठीण. आंग्रिया बँकवर मोजाल तर जास्त हाती लागेल.

पर्यावरणातल्या डीएनएचं काय?

पाणी गाळून, त्यात सुटलेल्या डीएनएवरून तिथे कोणते जीव आहेत ते ओळखतात. लक्षद्वीपला दोन लिटर पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून आरामात जातं. मुंबईचं पाणी काहीशे मिलिलिटरमध्येच गाळणी तुंबवतं. आधी जाड गाळणी लावा किंवा ०.४५ ची घ्या, आणि दर फेरीला शुद्ध पाण्याचा कोरा नमुनाही गाळा. कोऱ्यात प्रवाळ निघाला तर बाकीच्या नमुन्यांवरही विश्वास ठेवता येत नाही.

प्रवाळ लावण्याचे कार्यक्रम हे संशोधन मानायचं का?

नियंत्रण-जागा (काहीच न लावलेली, तुलनेसाठीची जागा) आणि वर्षानुवर्षांची मोजणी असेल तर. जगभरच्या पुनर्स्थापना प्रकल्पांच्या आढाव्यात ६० टक्के प्रकल्पांची मोजणी १८ महिन्यांहून कमी काळ चालल्याचं दिसलं. पहिल्या वर्षी बहुतेक तुकडे जगतातच; परीक्षा पुढच्या उष्णतेच्या लाटेत होते. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात वर्षानुवर्षं जोपासलेले प्रवाळ काही आठवड्यांत मेले.

मुंबईत किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने वरळी आणि हाजी अलीच्या १८ वसाहती कुलाब्याच्या बाजूला हलवल्या. अशा कामात विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत: नव्या जागी आधीपासून असलेल्या किती वसाहती त्याच काळात मेल्या? हलवताना किती वेळ पाण्याबाहेर होत्या? खडकासकट कापल्या की खरवडल्या? पाच वर्षांनी किती उरल्या? जगण्याचा आकडा एकटा छापला तर त्याला तुलना नाही.

परवानगी कुणाची लागते?

कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच तळहाताएवढ्या वसाहतीला. फोटो काढायला, तापमान मोजायला हरकत नाही. तुकडा घेणं, हलवणं, भोक पाडणं यासाठी कलम १२ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि पहिल्या अनुसूचीमुळे केंद्राची पूर्वसंमतीही. किनाऱ्याशी संबंधित कामात राज्याचा कांदळवन कक्ष हा पहिला संपर्क. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा तर साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) आणि जैवविविधता कायद्याच्या अटी वेगळ्या. या सगळ्याला महिने लागतात. हंगाम पाहून अर्ज करा.

एमएस्सीच्या एका वर्षात काय जमेल?

एक जागा, क्रमांकित चाळीस-पन्नास वसाहती, दर उधाणाला रंगतक्ता आणि फोटो, दोन लॉगर, पंधरवड्याला क्षारता आणि गढूळपणा. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत. पावसाळ्यात जिथे उतरणं धोक्याचं असेल तिथे जाऊ नका, ती पोकळी नोंदीत तशीच दाखवा. पांढरेपणा उन्हाळ्याच्या उष्णतेशी जुळतो की जुलैच्या क्षारतेशी, एवढा एकच प्रश्न घ्या. वसाहतींचे क्रमांक, अक्षांश-रेखांश, कच्चे फोटो आणि लॉगरच्या तपासणीच्या नोंदी विभागाकडे जमा करून जा, म्हणजे पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्याच वसाहतींपाशी उभा राहू शकेल.